कीड न लागलेले देव

आमच्या घरात माणसांपेक्षा देव जास्त होते, आणि त्यातला एकही आम्ही पुजत नव्हतो. माझ्या थोरल्या दिरांना लाकडी मूर्ती जमवायचा नाद होता. दूरदूरच्या देशांतले बुद्ध, हात जोडून उभे भिक्षू, डोळे वटारलेले द्वारपाल, कुठल्याशा पडक्या देवळाच्या दाराची नक्षी, आणि कमळावर बसलेली एक देवी, जिचं नाक कुणीतरी आधीच फोडून ठेवलं होतं. घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात उजेडाची खोली भाऊजींनी या मंडळींना दिली होती. मग उन्हानं रंग उडतो म्हणून जाड पडदे लावून तो उजेडही बंद केला. आम्ही चौघं मागच्या दोन खोल्यांत दाटीवाटीनं राहायचो आणि पुढे देव ऐसपैस पसरलेले.

"हे पुजायचे नाहीत, हे बघायचे आहेत," असं भाऊजी आल्यागेल्याला सांगायचे. बघायचे म्हणजे लांबून. हात लावायचा तर पांढरे सुती मोजे घालून, कारण माणसाच्या हाताचा घाम वर्खाला खातो. मी एकदा नुसतं बोट लावलं तर असे ओरडले, जणू मी त्यांच्या डोळ्यातच बोट घातलं.

लाकडी मूर्ती जमवणाऱ्याला चोराची भीती नसते, भुंग्याची असते. बाहेरून मूर्ती ठणठणीत दिसते आणि आतून तिचा भुगा झालेला असतो. भाऊजींचा एक फार लाडका भिक्षू होता. एकदा त्याला उचलायला गेले तर भिक्षूचा हात त्यांच्या हातात आला आणि बाकीचा भिक्षू पिठासारखा टेबलावर सांडला. सख्खा भाऊ गेल्यासारखे ते कितीतरी दिवस खोलीत बसून होते. त्यांचा सख्खा भाऊ, म्हणजे आमचे हे, शेजारच्याच खोलीत तापानं फणफणले होते, पण ते असो.

तेव्हापासून भाऊजींनी किडीचा धसका घेतला. कुठलीही मूर्ती आली की आधी टॉर्च आणि भिंग घेऊन तिचे पाय, पाठ, कानामागची जागा तपासायचे. टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी परत पाठवायचे.

आणि मग तो लॉट आला. कुणाचं तरी जुनं खाजगी संग्रहालय बंद पडलं होतं, कित्येक वर्षं कुलूपबंद होतं, आणि तिथला सगळा लाकडी माल भाऊजींनी एकदम उचलला. खोकी दारात उतरली तेव्हा ते लग्नघरातल्या यजमानासारखे आतबाहेर करत होते. एकेक मूर्ती काढली, भिंगाखाली घातली, आणि दिवस मावळेपर्यंत त्यांना त्यात एकही भोक सापडलं नाही.

"एकाही मूर्तीला कीड नाही!" ते आम्हाला सगळ्यांना हाका मारून सांगायला लागले. "बघ, इकडे बघ. शेकडो वर्षांचं लाकूड आहे आणि काल कापल्यासारखं आहे. याला म्हणतात माल!"

त्यांच्यासारखेच नादिष्ट दोघेतिघे चहाला आले. त्यांनीही आपापली भिंगं लावली, एकमेकांकडे पाहिलं आणि कौतुकानं माना डोलावल्या. मनातून जळत होते, ते चहाचा कप ठेवण्यावरूनच कळत होतं. इतक्या जुन्या लाकडाला कीड का लागली नाही, हा प्रश्न त्यातल्या एकालाही पडला नाही. कीड नाही म्हणजे माल उत्तम, हे त्यांचं गणित. मला पडला होता का? नाही. मला एवढाच प्रश्न पडला होता की आता आम्ही झोपायचं कुठे.

मूर्ती मात्र कळकट होत्या. सोन्याचा वर्ख होता, पण वर धुळीचा काळा थर. भाऊजींनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की पाणी वर्खाला उचलतं, साबण रंगाला पळवतो, आणि सगळ्यात सौम्य म्हणजे माणसाची थुंकी. मोठमोठ्या संग्रहालयांत असंच करतात म्हणे. मला वाटलं थट्टा करतायत. पण ते खरं आहे, मी नंतर विचारून खात्री केली. बारीक काडीला कापूस गुंडाळायचा, तोंडात धरून ओला करायचा आणि वर्खावरून हळूच फिरवायचा, घासायचा नाही. कापूस काळा होतो आणि खालून सोनं वर येतं.

भाऊजींची स्वतःची थुंकी कामाची नव्हती. ते सिगारेटी ओढायचे, आणि धुराची थुंकी मूर्तीला चालत नाही. म्हणून हे काम जाऊबाईंकडे आलं.

आमच्या जाऊबाई नवऱ्याची थुंकी झेलतात हे तर मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून बघत होते. आता त्या स्वतःची थुंकी नवऱ्याच्या देवांना लावायला लागल्या. हे मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं. त्या हसल्या नाहीत. आमच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य होतं आणि त्यात विळा मीच, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. स्वयंपाकघरावरून आमची कायम खडाजंगी चालायची. शेवटी ह्यांनीच तोडगा काढला. स्वयंपाक माझा आणि देवांची खोली त्यांची. त्यांच्या हाताला चव नाही आणि माझ्या हातात धीर नाही, तेव्हा वाटणी बरोबर झाली असं सगळ्यांना वाटलं.

जाऊबाईंना त्या कामाची गोडी लागली. खिडकीचा पडदा वीतभर सरकवायचा, मांडीवर उशी, उशीवर बुद्ध, आणि तोंडात काडी. "कापूस एकदाच वापरायचा, मग टाकून द्यायचा," असं भाऊजींनी बजावलं होतं. पण जाऊबाई म्हणजे दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणारी बाई. एकदा पुसून कापूस टाकायचा? त्या काडी फिरवून दुसऱ्या बाजूनं पुसायच्या, परत तोंडात घालायच्या, परत पुसायच्या. सगळा कापूस काळा कुळकुळीत झाल्यावरच तो शेजारच्या वाटीत पडायचा. एका बाजूला बुद्धाचा गाल उजळत जायचा. त्या मला हाक मारून दाखवायच्या, तेवढ्यापुरतं भांडण विसरून. "बघ गं, हसतोय की नाही?" हसत होता खरा.

त्यांना आधी ओकाऱ्या सुरू झाल्या. मी म्हटलं पित्त असेल. मग पोटात कळा, मग हातापायांना मुंग्या, मग कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. तळहात जाड झाले, त्यावर खरखरीत ठिपके. डॉक्टर बदलले, औषधं बदलली. कुणी म्हणालं थायरॉईड, कुणी म्हणालं मनाचं आहे. एके सकाळी त्या मोरीत पडल्या आणि त्यांना उठता येईना, तेव्हा हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी जाऊबाईंचा हात हातात घेतला आणि नखं बघत बसल्या. प्रत्येक नखावर आडवी पांढरी रेघ होती. नखं आणि केस कापून तपासायला पाठवले. उत्तर आलं त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना आत बोलावलं. जाऊबाईंचा भाऊ पण आला होता. वकिली करणारा माणूस, आवाजच असा की साधं पाणी मागितलं तरी उलटतपासणी वाटावी.

"यांच्या शरीरात आर्सेनिक आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"म्हणजे?" भाऊजींनी विचारलं.

"विष. जुने लोक सोमल म्हणायचे ते. एकदम गेलेलं नाही, थोडं थोडं, पुष्कळ दिवस पोटात जातंय." मग त्यांनी कागदावरून नजर उचलली. "घरात स्वयंपाक कोण करतं?"

सगळे फक्त माझ्याकडे बघायला लागले. भाऊजी बघायला लागले, वकील बघायला लागला, आणि आमचे हे, ज्यांच्या ताटात मी रोज वाढते, तेही बघायला लागले. त्यांची नजर मला जशी लागली तशी दुसऱ्या कुणाची लागली नाही.

"विहिरीचं पाणी वगैरे?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"पाणी सगळेच पितात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाकीच्यांना काही होत नाहीये."

हॉस्पिटलला कळवावंच लागतं, तसं त्यांनी कळवलं. पोलीस आले, माझ्या स्वयंपाकघरातले डबे, बरण्या, तेलाची किटली, मीठसुद्धा पिशव्यांत घालून घेऊन गेले. जाताना एकानं मला विचारलं, "जावेशी पटत नाही म्हणे तुमचं?" मी म्हटलं, "नाही पटत. जगात कुणाचं पटतं?" हे उत्तर द्यायला नको होतं, पण माझी जीभ काय माझ्या ताब्यात असते? शेजारणी गॅलरीत उभ्या राहून बघत होत्या. डब्यांत काही सापडलं नाही. वकील म्हणाला, सापडणार कसं, ती काय डब्यावर नाव लिहून ठेवणार आहे?

हॉस्पिटलात जाऊबाई सुधारायला लागल्या. ओकाऱ्या थांबल्या, तोंडाला चव आली. ही खरं तर आनंदाची गोष्ट, पण तीच माझ्या मुळावर आली. "घरचं अन्न तुटलं आणि बाई सुधारली," वकील भेटायला येईल त्याला सांगत होता. "आता अजून काय पुरावा हवा?"

घरी हे माझ्याशी नीट बोलेनात. चहा स्वतः करून घ्यायला लागले. मी गप्प राहिले, राहिले, आणि एका संध्याकाळी त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"अहो, स्पष्ट विचारा ना मला."

"काय विचारू?"

"जे पोटात ठेवून फिरताय ते."

त्यांनी गॅस बंद केला. "तू फार तापट आहेस," ते म्हणाले. "रागाच्या भरात माणसाच्या हातून... म्हणजे मी असं म्हणत नाही की..."

"तुम्ही तेच म्हणताय."

"मला कळत नाही गं काही," ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या पाण्याची कीव आली नाही. इतक्या वर्षांचा संसार, आणि या माणसाला कळत नाही. माझं माहेर असतं तर मी त्याच पावली निघून गेले असते. पण आईवडील गेल्यावर बाईला माहेर राहतं कुठे? आणि गेले असते तर सगळे म्हणाले असते, बघा, पळाली.

जाऊबाईंना घरी आणायचं ठरलं तेव्हा वकिलानं फर्मान काढलं. "विषाची परीक्षा कशाला घ्यायची? चूल वेगळी करा." मागच्या पडवीत नवी शेगडी आली, नवी भांडी आली, त्याच्या ओळखीतली एक स्वयंपाकीणबाई आली. पाणी बाटलीतलं. मीठसुद्धा पाकिटातलं. पडवीच्या दाराला कुलूप आणि किल्ली स्वयंपाकीणबाईच्या कमरेला. मी जाऊबाईंच्या खोलीत गेले की ती बाई काहीतरी निमित्त काढून मागोमाग यायची.

जाऊबाई माझ्याशी वाईट वागत नव्हत्या. तेच जास्त लागायचं. भांडल्या असत्या तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. त्या नुसत्या "बस ना" म्हणायच्या आणि शेजारचा पेला हळूच पलीकडे सरकवायच्या.

चालता फारसं येत नव्हतं, पण हात चालत होते. दिवसभर पडून कंटाळा यायचा. बसून करण्यासारखं एकच काम होतं. आणि त्या लॉटमधले अजून कितीतरी बुद्ध काळेच होते. "आजारपणात मागे पडलं सगळं," असं म्हणत त्या पुन्हा खिडकीशी बसल्या. भाऊजी खूष झाले. स्वतः एकेक मूर्ती मोजे घालून आणून त्यांच्या मांडीवर ठेवायचे. बायको बरी झाली आणि देवही उजळायला लागले, माणसाला अजून काय हवं?

थोड्याच दिवसांत त्यांना परत ओकाऱ्या लागल्या.

भिंतीपलीकडून मला तो आवाज आला आणि पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या हातचं पाणीसुद्धा तिच्या पोटात गेलं नव्हतं. आता तरी यांचे डोळे उघडतील, असं मला वाटलं. कसले उघडतात! वकील आला आणि त्यानं पडवीचं कुलूप बदललं. स्वयंपाकीणबाईला बाजूला घेऊन कुजबुजला, "दुपारी झोपतेस का तू?" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशी मला फाशी व्हायचीच काय ती बाकी होती.

मी त्या दिवशी जेवले नाही. देवांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. जाऊबाई खिडकीशी होत्या. चेहरा मेणासारखा पिवळा, घाम आलेला, तरी मांडीवर एक लहानसा बुद्ध आणि हातात काडी. मी नुसती बघत होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. या बाईचं अन्न बदललं, पाणी बदललं, भांडी बदलली, रांधणारी बदलली. तिच्या तोंडात जाणारी कुठली गोष्ट बदललेली नाही?

त्यांनी काडी तोंडात घातली. बाहेर काढून बुद्धाच्या कानामागे फिरवली. उलटी केली, परत तोंडात घातली.

मी धावले आणि ती काडी त्यांच्या तोंडातून ओढून काढली. त्या किंचाळल्या. बुद्ध मांडीवरून घरंगळून फरशीवर आपटला. भाऊजी आतून पळत आले, स्वयंपाकीणबाई आली, हे आले.

"मूर्तीला लागलं का?" भाऊजींनी आधी विचारलं.

"हिनं माझ्या तोंडात हात घातला," जाऊबाई म्हणाल्या.

मी सांगायचा प्रयत्न केला. काडी दाखवली, वाटीतला काळा कापूस दाखवला. ह्यांनी माझा दंड धरला. भाऊजी बुद्धाला ओंजळीत घेऊन टवका शोधत होते. "उचलली जीभ लावली टाळ्याला," ते म्हणाले. "लाकूड आहे ते. लाकडानं कुणी मरतं का? अगं, कीडसुद्धा नाही त्याला!"

तेव्हा मला खात्री पटली. कीडसुद्धा नाही त्याला.

मी वाटी उचलली आणि तशीच, घरच्या कपड्यांवर हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरबाईंनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला वाचता आलं. विष देणारी बाई स्वतःच विषाचा कापूस घेऊन येते, यापेक्षा सोपं काय?

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," मी म्हणाले. "मी आणलेलं काही तपासू नका. तुमचा माणूस पाठवा, त्याला स्वतःच्या हातानं मूर्ती पुसू दे. पण तोवर तिला त्या खोलीतून बाहेर काढा हो. पाया पडते."

त्यांनी माणूस पाठवला. बरोबर सरकारी संग्रहालयातली एक बाई आली, मूर्ती दुरुस्त करणारी. तिनं खोलीच्या दारातच थांबून तोंडाला मास्क लावला, रबरी हातमोजे एकावर एक चढवले. भाऊजी कौतुकानं लॉट दाखवायला लागले तर तिनं त्यांना हातानं मागे सारलं. एका बुद्धाच्या कपड्याच्या चुण्यांमध्ये तिनं टॉर्च मारली. आत खोलवर पांढरी पूड बसलेली होती. आम्ही इतके दिवस तिला जुना रंग समजत होतो.

"हे कुठून आलं?" तिनं विचारलं. भाऊजींनी त्या बंद पडलेल्या संग्रहालयाचं सांगितलं. तिनं मान हलवली. तिचा आवाज शांत होता, रोजचंच काम असल्यासारखा. "पूर्वी लाकडाला कीड लागू नये म्हणून सोमल फासायचे. सगळीकडेच करायचे. ते लाकडात मुरतं, जात नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"पण एकाही मूर्तीला..." भाऊजी म्हणाले आणि थांबले.

"कीड नाही, बरोबर. लागली असती तर ती मेली असती." मग ती जाऊबाईंच्या उशीकडे आणि काड्यांच्या गठ्ठ्याकडे वळली. "थुंकीनं साफ करत होता? आणि कापूस परत तोंडात?"

भाऊजींचा चेहरा पडला. मला वाटलं आता हा माणूस कोसळेल. कोसळला नाही. आधी त्यानं हळूच विचारलं, "मूर्तींना तर काही अपाय नाही ना यानं?" आणि मग, आम्हा सगळ्यांकडे बघून, "मी तिला सांगितलं होतं. कापूस एकदाच वापरायचा, म्हणून सांगितलं होतं."

आतल्या खोलीतून जाऊबाईंचा आवाज आला. "हो, सांगितलं होतं यांनी. माझंच चुकलं." विषानं अर्धी मेलेली बाई, तरी नवऱ्याची बाजू घ्यायला पहिली. मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली.

तपासणीत सगळं सिद्ध झालं. जाऊबाई परत हॉस्पिटलात गेल्या. या खेपेला फार जड गेलं. जगल्या, पण हातपाय गेले. म्हणजे दिसायला आहेत, पण बोटांत धरलेली वस्तू त्यांना कळत नाही. चमचा धरला की गळून पडतो. नसा मेल्या आहेत, डॉक्टरबाई म्हणाल्या. येतील परत तर येतील, पण भरवसा धरू नका.

पोलीस माझे रिकामे डबे परत देऊन गेले. वकिलानं माझ्यापुढे हात जोडले, "वहिनी, माफ करा, बहिणीच्या काळजीपोटी झालं," आणि त्याच दमात स्वयंपाकीणबाईला घेऊन गेला. आता संशय फिटला होता ना, मग तिचं काय काम? ह्यांनी मला काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा मागितला फक्त, पूर्वीसारखा. मी करून दिला. माफी मागायला आमच्या ह्यांची जीभ वळत नाही आणि मी त्यांच्याशी चहापुरतंच बोलते.

मूर्ती परत खोक्यांत गेल्या. कुठलंही संग्रहालय त्या घ्यायला तयार नाही आणि जाळल्या तर धूर विषारी. भाऊजी देवांच्या खोलीत खोक्यांमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि सोमल लाकडातून कसा काढायचा त्याची पुस्तकं वाचतात. हॉस्पिटलात बायकोला भरवायला म्हणून एकदा बसले, तर सगळं तिच्या गळ्यावर सांडलं आणि त्यांनाच रडू फुटलं. मग ते काम माझ्याकडे आलं. दुसरं होतं कोण?

हॉस्पिटलातून आल्या त्या दिवशी मी मऊ भात केला, त्यावर साधी डाळ. जाऊबाईंना उशीला टेकवून बसवलं, गळ्याशी रुमाल खोवला. डॉक्टरबाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं, माझ्यादेखत. तेव्हा त्या रडल्या होत्या. "उगाच आळ आला गं तुझ्यावर," असं म्हणाल्या होत्या, आणि ते मनापासून होतं. हे मला माहीत आहे, कारण जाऊबाईंना नाटक जमत नाही.

मी चमचा त्यांच्या ओठांशी नेला.

ओठ मिटलेलेच राहिले.

"ताई, तोंड उघडा."

"उघडते गं," त्या म्हणाल्या. पण मी चमचा पुढे केला की ओठ परत घट्ट. त्यांची नजर चमच्यावरून माझ्या चेहऱ्यावर, चेहऱ्यावरून चमच्यावर. त्यांना स्वतःलाच लाज वाटत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मला ठाऊक आहे सगळं," त्या म्हणाल्या. "तू काही केलं नाहीस. देवाशपथ मला ठाऊक आहे."

"मग?"

"मग काही नाही." त्या भिंतीकडे बघून बोलल्या. "तू आधी खा ना जरा."

माझ्या हातातलं ताट तिथंच उलटं करून निघून जावं असं मला वाटलं. त्या विषारी बाहुल्यांना लावलेला कापूस हिनं एकदाही मागेपुढे न बघता तोंडात घातला, आणि माझ्या भाताला हिचं तोंड उघडत नाही. मला राग आला, इतका आला की कानात आवाज व्हायला लागला. पण त्यांच्या मांडीवर ते दोन हात पडले होते, कुणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखे. बाईला भूक लागली होती. पोटातून गुरगुर ऐकू येत होती.

मी घास खाल्ला. त्या माझ्या गळ्याकडे बघत राहिल्या. मी गिळल्यावरही त्या थांबल्या, अंगणातून भाजीवाल्याची हाक येऊन गेली तरी थांबल्या. मला काहीच होत नाही हे बघून मग त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

तेव्हापासून रोज, दोन्ही वेळा, पहिला घास मी खाते. आता त्या सांगत नाहीत आणि मीही वाट बघत नाही. ताट घेऊन बसायचं, त्यांच्यासमोर एक घास चावून गिळायचा, आणि त्यांची खात्री पटेपर्यंत चमचा हातात धरून बसायचं.